'रिप्रेझेंटेशन'ला मराठीत नेमके काय म्हणायचे?

मांडवीकाठ

इंग्रजी मजकुरात 'रिप्रेझेंटेशन' दिसले की बहुतेक जण 'प्रतिनिधित्व' लिहून मोकळे होतात. खालची वाक्ये पाहा. सगळ्यांत शब्द तोच किंवा त्याचे क्रियापद.

१. जमिनीवर बोजा नाही असे विक्रेता 'रिप्रेझेंट' करतो.
२. ग्रामस्थांनी जिल्हाधिकाऱ्यांना 'रिप्रेझेंटेशन' दिले.
३. बापाच्या आधी वारलेल्या मुलाची मुले 'राइट ऑफ रिप्रेझेंटेशन'ने वारस होतात.
४. सिनेमातले गोंयकाराचे 'रिप्रेझेंटेशन', म्हणजे कायम हातात बाटली.
५. नकाशावरची तुटक रेषा पायवाट 'रिप्रेझेंट' करते.
६. विधानसभेत अनुसूचित जमातींचे 'रिप्रेझेंटेशन'.

सहाव्याला 'प्रतिनिधित्व' फिट बसते. बाकीच्या पाचांत लिहिले तर वाचणारा अडखळतो. एका इंग्रजी शब्दाने इतके अर्थ पोटात कसे घेतले, आणि मराठीत प्रत्येक ठिकाणी काय वापरावे? जाणकारांनी लिहावे. उदाहरणे शक्यतो गोव्यातल्या कागदपत्रांतली द्या, कारण इथे पोर्तुगीज कायद्याची भर आहे.

---

जुनी_पोथी

लॅटिनपासून सुरू करू. 'प्राए' म्हणजे पुढे आणि 'एस्से' म्हणजे असणे. त्यातून 'प्राएसेन्स', म्हणजे पुढ्यात असलेला, हजर. त्यापासून 'प्राएसेंतारे', पुढ्यात आणून ठेवणे. त्याला आधी 'रे' लागला आणि 'रेप्राएसेंतारे' झाले. हा 'रे' दर वेळी 'पुन्हा' असा घेऊ नये. लॅटिनमध्ये तो कित्येकदा क्रियापदाला नुसता जोर देतो. म्हणून मूळ अर्थ 'पुन्हा सादर करणे' यापेक्षा 'जे समोर नाही ते समोर हजर करणे' असा.

रोमन लोक हा शब्द कुठे वापरत हे पाहिले तर गंमत वाटेल. एक वापर सरळ पैशाचा आहे. पुढच्या तारखेला द्यायची रक्कम आजच रोख मोजून देणे म्हणजे 'रेप्राएसेंतारे'. रोमन वक्ता सिसेरो याच्या पत्रांत हा अर्थ येतो. उद्याचा पैसा आज 'हजर' केला, म्हणून तो शब्द. दुसरा वापर वक्तृत्वशास्त्रातला. प्रसंग असा वर्णावा की ऐकणाऱ्याला तो दिसू लागेल, त्याला वक्तृत्वाचा रोमन शिक्षक क्विंटिलियन याच्या काळी 'रेप्राएसेंतातिओ' म्हणत.

एकाने दुसऱ्याच्या वतीने बोलणे, मत देणे, करार करणे हा अर्थ मात्र अभिजात लॅटिनमध्ये या शब्दाला नाही. तो मध्ययुगात आला, चर्चमधून. पोप आणि कार्डिनल ख्रिस्ताला आणि त्याच्या शिष्यांना 'हजर करतात' असे म्हणता म्हणता कायदेपंडितांनी शब्द उचलला आणि आख्ख्या गावाच्या वतीने उभ्या राहणाऱ्या माणसाला लावला. इंग्रजीत क्रियापद चौदाव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंचमार्गे आले, नाम साधारण १४०० च्या सुमारास, आणि तेही 'प्रतिमा, मूर्ती, चित्र' या अर्थाने. म्हणजे तुमचे चौथे आणि पाचवे वाक्य वयाने मोठी आहेत. सहावे धाकटे.

राजकीय अर्थ पक्का करण्यात इंग्रज तत्त्वज्ञ थॉमस हॉब्जचा वाटा मोठा. १६५१ साली त्याने नाटकातला मुखवटा, लॅटिन 'पेर्सोना', हाताशी घेऊन मांडणी केली. बोलणारा तो नट, आणि ज्याच्या अधिकाराने बोलतो तो लेखक. नटाच्या बोलण्याने लेखक बांधला जातो. पुढच्या शतकात अमेरिकेतल्या वसाहतींनी 'प्रतिनिधित्व नाही तर कर नाही' म्हटले तेव्हा आजचा अर्थ रस्त्यावर आला.

---

खोल्याची_मिरची

म्हणजे दुकानदाराच्या 'आज रोख उद्या उधार' पाटीतला 'आज रोख' हे शुद्ध लॅटिन रिप्रेझेंटेशन. आवडले.

एक शंका. 'प्रेझेंट'मधला 'सेंट' आणि आपला 'संत' यांचे काही नाते? की नुसता कानाचा भास?

---

जुनी_पोथी

नाते आहे, भास नव्हे. 'एस्से' आणि संस्कृत 'अस्' एकाच कुळातले धातू. त्याचे वर्तमान धातुसाधित संस्कृतात 'सत्', अनेकवचन 'सन्तः', आणि त्यातून आपला 'संत'. लॅटिनमध्ये तेच रूप 'प्राएसेंत-'च्या शेपटात अडकले आहे. उलट गोव्यात उठता-बसता ऐकू येणारा 'सेंट' (पोर्तुगीज 'सांव', 'सांत') हा 'सांक्तुस'पासून, म्हणजे पवित्र केलेला. त्याचा आपल्या 'संत'शी व्युत्पत्तीने संबंध नाही. दिसायला जुळे, पण आईबाप वेगळे.

आता 'प्रतिनिधी'. प्रति + नि + धा. एकाच्या जागी दुसरे ठेवणे. हा शब्द यज्ञातून येतो. मीमांसेत (यज्ञविधींचा अर्थ लावणाऱ्या शास्त्रात) 'प्रतिनिधि' म्हणजे मूळ द्रव्य मिळाले नाही तर वापरायचे बदली द्रव्य. व्रीही (भात) नसेल तर नीवार (रानभात), सोम नसेल तर पूतीक ही दुसरी वनस्पती. तिथेच नियम आहे की द्रव्याला बदली चालते, पण देवता, अग्नी, मंत्र आणि क्रिया यांना चालत नाही. यजमानालाही नाही, कारण फळ ज्याला मिळायचे तोच बदलला तर यज्ञ कोणाचा?

म्हणून दोन शब्दांची ओढ वेगळी आहे. लॅटिन शब्द म्हणतो, गैरहजर गोष्ट हजर करा. संस्कृत शब्द म्हणतो, मूळ मिळत नाही तर त्याच्या जागी दुसरे ठेवा. चित्र हे मूळ वस्तूची बदली नसते, ती वस्तू डोळ्यांसमोर आणण्याचा मार्ग असतो. म्हणूनच 'चित्र गोंयकाराचे प्रतिनिधित्व करते' हे कानाला खटकते.

पंत प्रतिनिधी हे पद अगदी संस्कृत अर्थाने पडलेले. जिंजीत छत्रपती राजारामांनी ते प्रल्हाद निराजींना दिले. छत्रपतींच्या जागी उभे राहणारा, एवढेच. कोणी निवडून दिलेला नव्हे.

---

दस्तऐवज

पहिल्या तीन वाक्यांपुरते बोलतो.

वाक्य १. करारातले 'रिप्रेझेंटेशन' म्हणजे आज अस्तित्वात असलेल्या वस्तुस्थितीबद्दल एका पक्षाने दुसऱ्याला केलेले विधान. मराठीत 'कथन'. 'रिप्रेझेंटेशन्स अँड वॉरंटीज' या कलमाला 'कथने व हमी' म्हणावे. भाषांतरयंत्रातून काढलेल्या मसुद्यात 'विक्रेता प्रतिनिधित्व करतो की जमीन बोजारहित आहे' असे वाक्य हमखास येते. त्याला मराठीत अर्थच नाही. सरळ लिहा: 'जमीन बोजारहित असल्याचे विक्रेता कथन करतो'. त्यातही 'कथन' आणि 'हमी' एक करू नका. कथन असते आजच्या स्थितीबद्दल, हमी असते वचन.

हे शब्दांचे चोचले नाहीत. भारतीय करार कायदा १८७२, कलम १८ मध्ये चुकीचे कथन येते. खरे समजून सांगितले पण निघाले खोटे, तर ते कलम १८. खोटे आहे हे माहीत असून फसवण्यासाठी सांगितले, तर कलम १७, लबाडी. कलम १९ प्रमाणे दोन्हींत फसलेला पक्ष करार रद्द करू शकतो. पण चुकीच्या कथनाला पळवाट आहे: साधी दक्षता घेऊन खरे कळले असते तर करार रद्द करता येत नाही. एक-चौदाचा उतारा (गोव्यातला जमिनीच्या हक्कनोंदीचा कागद) आणि बोजा दाखला काढण्याआधी बयाणा देणारे इथेच अडकतात.

वाक्य २. इथे 'निवेदन'. शासकीय सेवेच्या कागदांत 'अभिवेदन'ही दिसेल. निवेदन म्हणजे अपील नव्हे. ते द्यायला फी नाही, ठरलेला नमुना नाही, आणि त्यामुळेच लोक मुदत घालवून बसतात. केंद्र सरकारी कर्मचाऱ्याचे उदाहरण घ्या. नियमाप्रमाणे दिलेल्या निवेदनावर ६ महिन्यांत निर्णय आला नाही तर त्यापुढच्या १ वर्षात प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे जायचे असते. नियमाबाहेरची निवेदने वर्षानुवर्षे देत राहिल्याने मुदत वाढत नाही. दोन प्रती न्या, आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. शिक्का नसेल तर निवेदन दिले होते हे नंतर शाबीत करणे कठीण.

वाक्य ३ मोठे आहे, ते वेगळ्या प्रतिसादात.

---

दस्तऐवज

वाक्य ३. पोर्तुगीज दिवाणी संहिता १८६७ ची. त्यातला हक्क 'दिरेइतु द रेप्रेझेंतासांव'. वारसाहक्काचे नियम आता गोव्याच्या २०१२ च्या वारसा, विशेष नोटरी व इन्व्हेंटरी कायद्यात आहेत, संकल्पना तीच. हक्काचा अर्थ असा: जो वारस झाला असता तो आधीच वारला, तर त्याची मुले त्याच्या जागी येऊन त्याचाच वाटा घेतात.

आकडे मांडतो. मृत्युपत्र नाही, लग्ने मालमत्तेच्या सामाईक पद्धतीची. घर-जमीन मिळून ४८ लाख. नवरा वारला, मागे बायको. दोन मुलगे, पैकी थोरला बापाच्या आधी गेलेला, त्याला तीन मुले.

बायकोचे २४ लाख हा वारसा नव्हे, तिची मूळचीच अर्धी मालकी. उरलेल्या २४ चे दोन भाग. धाकट्याला १२. थोरल्याचे १२ त्याच्या तीन मुलांत, प्रत्येकी ४. धाकटा आणि तीन नातू मिळून चौघे, म्हणून प्रत्येकाला ६ लाख, असे नाही. वाटणी शाखेने होते, डोक्यांनी नव्हे.

थोरल्याच्या विधवेला यात काही नाही. नवरा वारस होण्याआधीच गेला, त्यामुळे त्यांच्या सामाईक मालमत्तेत हे १२ लाख आलेच नाहीत.

आता एकच गोष्ट बदला. थोरला बापाच्या नंतर, अगदी आठ दिवसांनी वारला. मग हे रिप्रेझेंटेशन नाहीच. १२ लाख आधी थोरल्याला मिळाले आणि त्याच्याकडून पुढे गेले. त्याच्या बायकोचे ६ लाख, तिन्ही मुलांना प्रत्येकी २. म्हणून इन्व्हेंटरीच्या (मृताच्या मालमत्तेची यादी करून वाटणी करण्याच्या) अर्जाला सगळ्यांचे मृत्यूचे दाखले लावताना तारखा दोनदा तपासा. सालाच्या एका आकड्याची चूक झाली की विधवेचे ६ लाख जातात.

मराठीत याला काय म्हणावे? वारस इथे कोणाच्या वतीने काही करत नाही, मालक म्हणून घेतो. 'प्रतिनिधित्वाचा हक्क' असे भाषांतर रूढ आहे, पण अर्जदाराला समजवताना 'बापाच्या जागी येण्याचा हक्क' म्हटले की एका झटक्यात कळते. जुनी_पोथी, तुमचा यज्ञातला अर्थ इथे बरोबर बसतो.

---

खोल्याची_मिरची

दस्तऐवजबाब, मग कोर्टातले 'लीगल रिप्रेझेंटेटिव्ह' कोण? तेही बापाच्या जागी आलेले वारसच ना?

---

दस्तऐवज

नेहमी नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेत तो मृताच्या मालमत्तेपुरता उभा राहणारा. वारस नसून मालमत्तेत हात घातलेला माणूसही त्यात येतो. 'कायदेशीर प्रतिनिधी' हे भाषांतर ठीक. लक्षात ठेवायची गोष्ट मुदतीची: दावा चालू असताना पक्षकार वारला तर ९० दिवसांत त्याचे प्रतिनिधी रेकॉर्डवर आणायचे. नाही आणले तर त्याच्यापुरता दावा संपतो, आणि तो पुन्हा उभा करण्याच्या अर्जाला पुढचे ६० दिवस.

---

बिंदूरेषा

पाचवे वाक्य माझे.

नकाशात 'रिप्रेझेंट करते' याला मराठी फार सोपी आहे: 'दाखवते'. 'तुटक रेषा पायवाट दाखवते'. नकाशाच्या प्रमाणाला इंग्रजीत 'रिप्रेझेंटेटिव्ह फ्रॅक्शन' म्हणतात. भूगोलाच्या मराठी पुस्तकांनी त्याला 'अंकप्रमाण' केले. 'प्रातिनिधिक अपूर्णांक' केले असते तर मुलांनी पुस्तक मिटले असते.

चित्र आणि बदली यातला फरक नकाशात मोजून दाखवता येतो. १:५०,००० च्या नकाशात २ सेंमी म्हणजे जमिनीवरचा १ किमी. गोव्याचे ३,७०२ चौरस किमी क्षेत्र कागदावर १४,८०८ चौरस सेंमी होते, म्हणजे जवळपास दीड चौरस मीटर. आता रस्त्याची अर्ध्या मिमीची रेषा घ्या. प्रमाणाने ती २५ मीटर रुंद. वाड्यावरचा ४ मीटरचा रस्ता प्रमाणात काढायचा तर ०.०८ मिमी, डोळ्याला जेमतेम दिसणारी. म्हणून रस्ता मोजून नाही काढत, चिन्ह ठेवतात. त्या रेषेवर पट्टी ठेवून रस्त्याची रुंदी किंवा कुंपणाची हद्द ठरवणारे चुकतात ते इथेच. हद्दीला मोठ्या प्रमाणाचा सर्व्हेचा नकाशा लागतो.

संगणकातही शब्द हाच, 'डेटा रिप्रेझेंटेशन'. 'प्रतिनिधी' हा शब्दच घ्या. वाचणाऱ्याला चार अक्षरे दिसतात: प्र, ति, नि, धी. युनिकोडमध्ये (संगणकात प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत) नऊ चिन्हे: प, हलन्त, र, त, ऱ्हस्व वेलांटी, न, पुन्हा वेलांटी, ध, दीर्घ वेलांटी. हे क्रमांक साठवायच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या दर चिन्हाला ३ बाइट, एकूण २७. फॉर्मच्या रकान्याला २० बाइटांची मर्यादा असेल तर सहा चिन्हे, १८ बाइट बसतात, दोन बाइट लोंबकळतात. छापून येते 'प्रतिन' आणि पुढे चौकट. रकान्याची लांबी बाइटांत मोजायची की चिन्हांत, हे आधी ठरवा. मराठीत याला 'रूप' पुरते: द्विमान रूप (फक्त ० आणि १ वापरून लिहिलेले), दशांश रूप. ०.१ चे द्विमान रूप संपतच नाही, जसे १/३ चे दशांश रूप संपत नाही. पैशाचे हिशेब पैशांत, पूर्णांकात ठेवतात ते त्याचसाठी.

---

मांडवीकाठ

छान चालले आहे. चौथे आणि सहावे राहिले. आणि पोर्तुगीज काळात निवडून गेलेल्याला इथे काय म्हणत?

---

तिसवाडीकर

'देपुतादु'. लॅटिन 'देपुतारे', नेमून देणे. गोव्यातून लिस्बनच्या कोर्तिशसाठी, म्हणजे पोर्तुगालच्या संसदेसाठी, पहिली निवडणूक १८२२ साली झाली. बेर्नार्दु पेरिश द सिल्व्ह, कोंश्तांसियु रोक द कोश्त आणि आंतोनियु जुझे द लीम लैतांव असे तिघे निवडले गेले. पुढे नावेलीचे फ्रांसिश्कु लुईश गोमिश १८६० च्या दशकात तिथे बोलले.

पोर्तुगीजमध्ये 'रेप्रेझेंतार' म्हणजे नाटकात काम करणेही. फ्रेंचमध्ये प्रयोगाला 'रेप्रेझांतासियों' म्हणतात. मराठीत त्याला 'प्रयोग' आहे, आणि नटाच्या कामाला 'अभिनय': अभि + नी, प्रेक्षकाकडे नेणे. लॅटिन शब्दाच्या सगळ्यात जवळ कुठला भारतीय शब्द जात असेल तर माझ्या मते तो हाच.

कोमुनिदादीच्या (गावची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या संस्थेच्या) वतीने कोर्टात, कचेरीत उभा राहणारा तो 'प्रोकुरादोर'. इंग्रजी 'प्रॉक्सी' हा त्याच घराण्यातल्या 'प्रॉक्युरसी'चा आक्रसलेला अवतार. आपला 'मुखत्यार' अरबी, निवडलेला. 'वकील' अरबी, ज्याच्यावर सोपवले तो. म्हणजे बाजारात शब्द भरपूर आहेत, 'प्रतिनिधी'वरच ओझे टाकायची गरज नाही.

---

जुनी_पोथी

चौथ्याला 'चित्रण'. जर्मनमध्ये ही भानगडच नाही. दुसऱ्याच्या वतीने उभे राहणे 'फेरट्रेटुंग', चित्रण किंवा मांडणी 'डारश्टेलुंग', मनात उभी राहिलेली प्रतिमा 'फोरश्टेलुंग'. तिन्हींना इंग्रजी 'रिप्रेझेंटेशन' म्हणते. मार्क्सचे छोट्या शेतकऱ्यांबद्दलचे वाक्य, की ते स्वतःचे प्रतिनिधित्व करू शकत नाहीत, जर्मनमध्ये पहिल्या शब्दाचे आहे. इंग्रजीतून वाचणारे त्यात चित्रणाचा अर्थ मिसळतात. साहित्य-समीक्षक गायत्री चक्रवर्ती स्पिव्हाक यांनी १९८८ साली नेमके यावर बोट ठेवले. मराठीत आपण जर्मनसारखे वेगळे शब्द वापरू शकतो, मग इंग्रजीचा घोळ कशाला उसना घ्यायचा?

---

तिसवाडीकर

सहावे. २०११ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या १४,५८,५४५, त्यात अनुसूचित जमाती १,४९,२७५, म्हणजे १०.२ टक्के. गावडा, कुणबी, वेळीप यांचा जमातींच्या यादीत समावेश २००३ मध्ये झाला. त्यानंतरही ४० मतदारसंघांत जमातींसाठी राखीव एकही नव्हता. अनुसूचित जातींसाठी पेडणे हा एक. हे बदलण्यासाठी संसदेने २०२५ मध्ये मंजूर केलेल्या विधेयकाच्या नावातच 'रीॲडजस्टमेंट ऑफ रिप्रेझेंटेशन' आहे. इथे 'प्रतिनिधित्वाचे फेरसमायोजन'.

पण इथेही दोन अर्थ आहेत. सभागृहाची रचना समाजासारखी दिसावी हा एक. १०.२ टक्क्यांप्रमाणे ४० पैकी ४ जागा हा हिशेब त्यातला. निवडून आलेल्याने त्या लोकांचे हित साधावे हा दुसरा. राज्यशास्त्रज्ञ हॅना पिटकिन यांनी १९६७ साली ही फोड नीट केली. पहिल्याला मी 'प्रातिनिधिकता' म्हणेन आणि 'प्रतिनिधित्व' दुसऱ्यासाठी राखेन. 'रिप्रेझेंटेटिव्ह सॅम्पल'ला 'प्रातिनिधिक नमुना' म्हणतोच की.

---

खोल्याची_मिरची

आणि निवडून आल्यावर तो मतदारांचा की पक्षाचा? ब्रिटिश खासदार एडमंड बर्कने १७७४ साली ब्रिस्टलच्या मतदारांना सांगितले की मी तुमचा निरोप्या नाही, माझी बुद्धी वापरीन. आपल्याकडे १९८५ पासून घटनेची दहावी अनुसूची, म्हणजे पक्षांतरबंदी. दोन-तृतीयांश आमदार गेले तर ते विलीनीकरण. गोव्यात २०१९ ला काँग्रेसच्या १५ पैकी १० गेले, बरोबर दोन-तृतीयांश. २०२२ ला ११ पैकी ८. याला कुठला शब्द द्यायचा ते जर्मन लोकांना विचारा.

---

व्यवस्थापक

पक्षांतराचा धागा वेगळा आहे, तिकडे जा. इथे शब्दापुरते बोला.

---

बिंदूरेषा

शब्दापुरते: बँकेत परत आलेला चेक 'री-प्रेझेंट' करतात, त्याचा या शब्दाशी घोळ करू नये. तिथे 'री' म्हणजे खरोखरच पुन्हा. 'चेक पुन्हा भरणे'. चेकवरच्या तारखेपासून ३ महिन्यांच्या आत कितीदाही भरता येतो.

---

मांडवीकाठ

मग 'प्रोकुरासांव' (आपल्या वतीने वागण्याचा अधिकार देणारा कागद) देऊन विदेशात राहणाऱ्याच्या बाबतीत 'प्रतिनिधी' की 'मुखत्यार'? आणि तो तिथे वारला तर त्याच्या मुलांना लागणारा शब्द कोणता?

---

दस्तऐवज

'मुखत्यार'. कागद 'मुखत्यारपत्र'. देणारा वारला की ते संपते, करार कायदा कलम २०१. अपवाद कलम २०२, मुखत्याराचा स्वतःचा त्या मालमत्तेत हितसंबंध असेल तर. तिकडे मालक वारल्यावर इकडे मुखत्याराने केलेले विक्रीखत अडचणीत येऊ शकते, आणि घेणाऱ्याला हे बहुधा पुढच्या विक्रीच्या वेळी कळते. त्यामुळे सही करण्याआधी मुखत्यारपत्र देणारा हयात असल्याचा अलीकडचा दाखला मागा.

मुले सरळ वारस, त्यांना रिप्रेझेंटेशन लागत नाही. एखादे मूल विदेशातल्या बापाच्या आधीच गेलेले असेल आणि त्याला मुले असतील, तर त्या नातवंडांसाठी वरचा 'बापाच्या जागी येण्याचा हक्क'. इन्व्हेंटरीच्या अर्जात त्यांना मुखत्यारपत्राचा क्रमांक लिहायचा नसतो, बापाचा मृत्यूचा आणि स्वतःच्या जन्माचा दाखला जोडायचा असतो.